हुरड्यावरची फुंकर

चहा येईस्तोवर माझी फजिती ऐकून घ्या. सांगितली तर माझीच इज्जत जाते, पण आता उरलीये तरी किती!

मी मेहकरला लॅब टेक्निशियन. करोनाच्या तिसऱ्या लाटेच्या तोंडावर नागपूरला तीन दिवसांचं ट्रेनिंग करून आलो. विषय काय? विषाणूचा जीनोम, म्हणजे त्याची जनुकीय कुंडली, वाचून साथ आधीच कशी ओळखायची! सर्टिफिकेट हातात, मग काय, मी कुणाचं ऐकतोय!

दुसऱ्याच दिवशी हिवरा आश्रमाजवळ गज्याच्या वावरात आम्हा आठ जणांचा हुरडा. गज्या माझा शाळेपासूनचा दोस्त, पुण्याहून खास आलेला. गोवऱ्यांचा आर, गरम कणसं, तिळाची चटणी... अहाहा! तो वास अजून नाकात आहे. कणीस चोळायचं, फुंकर मारून फोलपटं उडवायची, दाणे एकेकाच्या हातावर ठेवायचे. हे काम माझं. घसा जरा खवखवत होता, पण तो संत्र्यांनी, अशी माझी खात्री! फुंकता फुंकता विषाणूवर भाषणही ठोकलं.

चार दिवसांत आम्ही आठही जण तापाने फणफणलो.

"गज्या, तूच आणला पुण्याहून!"

"अबे, मले तं इथं आल्यावर ताप आला!"

"काऊन खोटं बोलून राह्यला बे? जीनोमचा रिपोर्ट येऊ दे!"

हट्टाने सगळ्यांचे नमुने पाठवायला लावले. तोवर गज्याच्या दारात कोणी उभं राहीना. बरा झाला तसा तो मला न भेटताच पुण्याला गेला. जिवाला लागलं हो, पण कबूल कोण करतो!

मग नागपूरहून ट्रेनिंगच्या सरांचाच फोन. ट्रेनिंग संपलं त्याच संध्याकाळी ते आजारी पडले होते. आमच्या आठांचा विषाणू आणि त्यांचा विषाणू तंतोतंत एक! पुण्याच्या नमुन्यांत तो कुठेच नव्हता. म्हणजे साथ ओळखायला गेलेला मी साथच घेऊन आलो, आणि फुंकून फुंकून वाटली!

गज्याला फोन लावला. "चुकलं माझं, भाऊ. माफ कर."

तो म्हणाला, "सर्टिफिकेट फ्रेम केलं का बे?"

"हाव."

"मंग त्याच्याखाली रिपोर्ट बी लाव."

फोन ठेवून मी चक्क रडलो.

गज्या अजून दर हिवाळ्यात येतो. तेच वावर, तेच आठ जण. पण मी कणीस हातात घेतलं रे घेतलं, की तो ओरडतो, "अबे, सायबाले पाखडायले सूप द्या! तोंड नका उघडू देऊ त्याले!"