शेवटच्या नावाच्या पुढे

भूतबित मी मानत नाही, आजही नाही... त्यामुळे हे वाचून कोणी मला वेड्यात काढलं तरी रागावणार नाही. मी मोबाईलचे प्रोग्राम लिहितो. प्रोग्राम चुकला की चूक माणसाची, एवढीच माझी श्रद्धा.

गोष्ट कीपॅडवाल्या फोनांच्या दिवसांतली. मी चंद्रपूरला नोकरीला होतो आणि माझे मामा मूल शहराजवळच्या एका गावात, तिथल्या मासेमारांच्या संस्थेत. तलावात जाळं ओढून झालं की पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मासळीचे सारखे हिस्से मांडायचे. मग एकजण हिश्शांकडे पाठ करून उभा राहतो, दुसरा एकेका हिश्शावर हात ठेवून विचारतो, 'हा कोणाचा?' – आणि पाठ केलेला माणूस न बघता नाव घेतो. भांडणाला जागाच नको. हे नाव घेण्याचं काम वर्षानुवर्षं मामांचं. स्वतःचं नाव ते सगळ्यांच्या शेवटी घ्यायचे.

एका पावसाळ्यात मामा डोंगा घेऊन तलावात गेले ते आलेच नाहीत. डोंगा सापडला, मामा नाही. मामीनं कुंकू पुसलं नाही. पुढच्या हंगामात संस्थेनं मामांचा हिस्सा बंद केला, तरी ती दर खेपेला रिकामी टोपली घेऊन पाळीवर उभी राहायची. मला तिच्याकडे बघवत नसे.

मामांच्या जागी कोण, यावरून संस्थेत सारखी कटकट. म्हणून मी मोठ्या हुशारीनं प्रोग्राम लिहून दिला. बटण दाबलं की फोन सभासदांची नावं उलटसुलट क्रमानं एकेक दाखवणार. मामांचं नाव अर्थातच त्यात नव्हतं.

पहिल्या दिवशी सगळे हिस्से सुरळीत वाटले गेले. शेवटचं नाव आलं, मी बोट काढलं, आणि... कोणी बटण न दाबता प्रोग्राम बंद. स्क्रीनवर एरर – इंडेक्स आउट ऑफ रेंज. म्हणजे नावं संपली तरी त्यानं पुढचं नाव मागितलं. आमच्या धंद्यातली ही अगदी शाळकरी चूक. चंद्रपूरला येऊन ओळन् ओळ तपासली. चूक नाही. कॉम्प्युटरवर चालवला, मित्राच्या फोनवर चालवला – मस्त चालला. पाळीवर नेला की शेवटच्या नावानंतर पुन्हा तेच. फोन बदलला, तरी तेच. माझं डोकं चालेना. लोक म्हणायला लागले, मशीन खोटी आहे, वाटप परत करा.

शेवटी वैतागून मी नावांमध्ये एक कोरी जागा घातली, नुसतं काय होतं ते बघायला. क्रम उलटसुलट होतो, तेव्हा ती कधीतरी मधेच यायला हवी की नाही? दर खेपेला सगळ्यांच्या शेवटी आली. बटण न दाबता. एरर मात्र आली नाही.

संस्थेचे अध्यक्ष नत्थूभाऊ त्या कोऱ्या स्क्रीनकडे बघत राहिले, मग मामीच्या टोपलीकडे.

"त्याचा हिस्सा मांडा," ते म्हणाले. "तो सगळ्याइच्या मांगून घेत होता ना."

कोणी वाद घातला नाही. प्रत्येकानं आपल्यातली थोडी मासळी काढली, मामीची टोपली भरली. पुढेही तिचा हिस्सा सुरू राहिला. नंतर मी ती कोरी जागा काढून टाकली... आणि एरर पुन्हा आलीच नाही. का, ते कळलं नाही.

टोपली भरली त्या दिवशी घरी जाताना मामीनं विचारलं, नावं सरल्यावर फोन पुढे कुठे जातो. मी होतं ते सांगितलं – पुढे काही नसतं मामी, तो भलतीकडेच जातो.

तिनं डोक्यावरची टोपली सावरली. मग म्हणाली, "मंग तिथून वापस येते का, बाबू?"

बघतो, म्हणालो. तो फोन आणि तो प्रोग्राम दोन्ही अजून जपून ठेवलेत, अधूनमधून काढून बघतो. काही सापडत नाही. गावी गेलो की मामी दारात येते, कपाळावर कुंकू तसंच असतं, आणि माझ्या आधी ती माझ्या हातातल्या फोनकडे बघते.