अप्पांचा पांढरा शर्ट आणि माझी मोटर

कोप्पीकर रोडवर आमच्या अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, मोटर-पंपांचं दुकान होतं. इंजिनिअरिंगचा शेवटचा पेपर दिला त्याच आठवड्यात मी हट्ट धरला, अर्ध्या हॉर्सपॉवरची सिंगल-फेज मोटर मी स्वतः डिझाइन करणार आणि ती आपल्याच दुकानात विकायला ठेवायची! अप्पा एवढंच म्हणाले, "केशवापुरात आपल्या घराशेजारच्या अक्कांचा दोशाच्या पिठाचा ग्राइंडर संध्याकाळी भरल्या पिठानिशी तुझ्या मोटरवर, हाताचा धक्का न देता आपणहून सुरू झाला, तर ठेवीन. नाहीतर पुन्हा नाव काढायचं नाही."

"अप्पा, गणित केलंय मी!" मी फणकारले. वह्याच्या वह्या भरल्या होत्या. दुकानात भर दुपारी मोटर कशी झकास फिरली होती.

संध्याकाळी अक्कांच्या स्वयंपाकघरात अप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ग्राइंडरला खेटून उभे. मी बटण दाबलं. मोटर नुसती घूं घूं करत बसली! त्या काळी घरोघरी दिवे लागले की आमच्याकडे व्होल्टेज कोसळायचं, आणि मोटर अडली की बायका सरळ मोटर आणि भांडं जोडणाऱ्या पट्ट्याला हात घालून एक हिसका द्यायच्या. अक्कांनीही दिला, पण घाईत उलट्या बाजूला. सिंगल-फेज मोटर मोठी गुणाची, ढकलाल तिकडे पळते! भांडं उलटं फिरलं आणि दोशाचं पीठ थेट अप्पांच्या छातीवर. "अय्यो देवा!" अक्का ओरडल्या. हसून हसून आमची मुरकुंडी वळली. घरी येऊन मी रडले, ते वेगळं.

चूक माझीच. मी पुस्तकातलं व्होल्टेज धरलं होतं, केशवापुरातलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी मीटर लावून बघितलं, तर पुस्तकातल्याच्या जेमतेम पाऊण. आणि व्होल्टेज पाऊण झालं की मोटरचा सुरुवातीचा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो, हे मीच परीक्षेत लिहून आले होते. कर्म माझं! पुन्हा गणित मांडलं, स्टार्टिंगच्या वाइंडिंगचे वेढे बदलले, सुरुवातीचा जोर वाढवायला मोठा कपॅसिटर बसवला.

या खेपेला अप्पा विटका, जुनाट शर्ट घालून आले आणि दाराशीच थांबले. मला असा राग आला! अक्कांनी भांडं काठोकाठ भरलं आणि सवयीनं हात पट्ट्याकडे नेला. मी बटण दाबलं. त्यांचा हात पोचायच्या आत ग्राइंडर फिरू लागला.

अप्पा तडक घराकडे निघून गेले. पाचच मिनिटांत परत आले, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. ग्राइंडरला खेटून उभे राहिले आणि म्हणाले, "अक्का, बंद करून पुन्हा चालू करा."