आतोबांचं शून्य

साथीच्या आजाराची बातमी ऐकून ज्याचा चेहरा नवरदेवासारखा खुलतो, असा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच होता आणि तो नेमका आमच्या आत्याच्या वाट्याला आला. आतोबा कॉलेजात गणित शिकवायचे, पण जीव सगळा साथींत. पेठेत कुणाला गोवर निघाला, कुणाचे डोळे आले, की यांच्या अंगात वारं शिरायचं. शहाळं घेऊन आजाऱ्याला भेटायला जायचे आणि ‘बरं वाटतंय का’ विचारायचं सोडून ‘कुणाकुणास्नी भेटलासा?’ म्हणून मागं लागायचे. तो बिचारा कण्हत नावं सांगायचा, हे मान डोलवायचे. मग घरी येऊन स्वयंपाकाच्या कडप्प्यावर खडूनं मांडामांड: लागण व्हायची राहिलेले, आजारी, बरे झालेले, आणि कोण कुणात किती मिसळतो त्याचा आकडा. आत्या त्याच कडप्प्यावर भाकरी थापायची. एकदा तिनं फडकं फिरवलं तर हे कळवळून म्हणाले, “अगं, बरी झालेली सगळी माणसं पुसलीस की!” लग्नाच्या पंगतीतसुद्धा मठ्ठ्याच्या वाट्या सरकवून, अफवा आणि गोवर एकाच गणितानं कशा पसरतात ते शेजारच्या पावण्याला दाखवायचे. पावणं उपाशी उठायचं.

नव्वदच्या दशकातल्या एका पावसाळ्यात काविळीची साथ आली. पलीकडच्या तालमीच्या भागात घरटी माणूस पिवळा. माझी बहीण तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, गरोदर बाईच्या ही कावीळ जिवावर बेतते, जपा. आईनं तिला राधानगरीला मावशीकडे हलवायचं ठरवलं, बॅगसुद्धा भरली. पण आतोबांनी अडवलं. आमची तालीम आणि पलीकडची तालीम यांच्यात कुठल्याशा जुन्या कुस्तीवरून हाडवैर. इकडचा माणूस तहानेनं मेला तरी तिकडं पाणी मागणार नाही. म्हणून आतोबांनी दोन तालमींच्या मिसळण्याचा आकडा सरळ शून्य धरला होता. शून्यानं गुणल्यावर साथ इकडं येतीया कशाला, असं त्यांनी आईला छातीठोक सांगितलं. आईनं बॅग रिकामी केली.

आणि थोड्याच दिवसांत आमच्या तालमीतले दोन पैलवान पिवळे झाले.

आतोबा कडप्प्यापुढे खडू धरून नुसते उभे. संध्याकाळी मीच त्यांना ओढून दूधकट्ट्यावर नेलं. आमच्याकडे म्हशी कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ दूध माणसं उभ्या उभ्या पितात. तिथंही दोन्ही तालमींनी वेळा वाटून घेतलेल्या, एकमेकांची तोंडं दिसायला नकोत म्हणून. आधी ते, मग आम्ही. गवळ्यानं रिकामा पेला पाण्याच्या बादलीत बुचकळला आणि आतोबांसाठी धारेखाली धरला. आतोबांची नजर बादलीवर खिळली. पाणी तेच, पेले तेच.

“शून्य न्हवं रं त्ये!” ते एवढ्यांदा ओरडले की म्हैस बुजली. मला मिठी मारली, नाचायचे बाकी होते. मग एकदम चेहरा उतरला. हातातल्या किटलीकडे बघत हळू म्हणाले, “पोरीला रोज मीच दूध नेलंय की रं.” किटली रोज त्याच बादलीत विसळली जायची, आणि बहीण ते दूध न तापवताच प्यायची.

कावीळ उमटायला महिना लागू शकतो. तो महिनाभर आत्याचा कडप्पा कोरा राहिला. आतोबा सकाळी आमच्याकडे यायचे, बहिणीला खिडकीत उजेडाला उभी करायचे, तिचे डोळे बघायचे आणि चहा न घेता जायचे. उरलेला दिवस दोन्ही तालमींच्या वस्तादांच्या पाया पडण्यात: आपापला पेला घरनं आणा, दूध तापवून घ्या. गवळी, ‘धारोष्ण दूध तापवायचं म्हंजे बाटवायचं’ म्हणून भांडला, पण शेवटी त्यानंच कट्ट्यावर पेले टांगायला खिळे ठोकून दिले.

बहिणीला काही झालं नाही. मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. मी विचारलं, हे कसं बसवायचं गणितात? आतोबांनी बाळाच्या डोळ्यांत निरखून पाहिलं आणि धोतराच्या सोग्यानं स्वतःचे पुसले. म्हणाले, “आज ऱ्हाऊ दे गणित.”

आतोबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तालमी अजून एकमेकींशी बोलत नाहीत, पण त्यांचे पेले कट्ट्यावर शेजारी शेजारी टांगलेले असतात. मधल्या खिळ्याला आतोबांचा पेला आहे. त्यातनं कुणी पीत नाही, तरी गवळी रोज तो उकळत्या पाण्यानं धुतो.