अर्धवट मिटलेला चिमटा

माझ्या ताईचे यजमान, आमचे भाऊजी, जमिनीखालच्या वाहिन्या शोधायचे. कुठेही रस्ता खोदायचा झाला की आधी यांनी यायचं, यंत्र फिरवायचं, नळ कुठून जातो, विजेची केबल कुठून जाते त्याच्या रंगीत रेघा मारायच्या, आणि मगच खोदणाऱ्यांनी मातीला हात लावायचा. कामावर सगळे त्यांना ‘पाताळराव’ म्हणत. माझ्या नाटकाला आले की मध्यंतरात रंगपटात डोकावून सांगायचे, “तुम्ही जिथे मरून पडता ना, त्या फळीखालून मेन लाइन गेलीय. जरा सरकून मरत जा!”

यंत्रापेक्षा त्यांचा जीव सोबतच्या सामानावर. प्लास्टिकच्या नळात लवचिक सळीने सारायची बोटाएवढी कांडी होती. ती आतून आवाज देत जायची. पण सगळ्यात लाडका चिमटा. जिचा माग काढायचा त्या केबलभोवती त्याचा गोल जबडा मिटवायचा, की संदेश तिच्यातूनच धावतो आणि वरचं यंत्र तिचाच आवाज पकडतं.

“मात्र जबडा पुरता मिटला पाहिजे,” ते सांगायचे. “केसभर फट राहिली की आवाज बारीक होतो. तो वाढवायला जावं, तर शेजारच्या केबलीही ओरडायला लागतात. मग कोण कुठली, ओळखायचं कसं?”

त्यांचा धाकटा भाऊ त्याच कंपनीत खोदाईचं मशीन चालवायचा. नोकरी भाऊजींनीच लावून दिलेली. गडी तोंडाने गोड, हाताने बेफिकीर. एका सकाळी त्याने मशीन मागे घेतलं ते थेट भाऊजींच्या उघड्या पेटीवरून. चिमट्याचा जबडा वाकला.

“दादा, साहेबांना सांगू नकोस हं. आधीच तंबी मिळालीय. आता घरीच बसवतील.”

भाऊजींनी सांगितलं नाही. नवा चिमटाही मागितला नाही, कारण मागितला तर जुना कसा मोडला हे आलंच. त्यांनी जुन्या ट्यूबची पट्टी कापून जबडा आवळून बांधला.

ताई भडकली होती. “एकदा चटका बसू दे की त्याला! किती पाठीशी घालाल?”

“त्याची पोरं लहान आहेत गं,” एवढंच ते म्हणाले.

काही दिवस रबराने निभावलं. मग एका चौकात बऱ्याच केबली शेजारी शेजारी निघाल्या. आवाज बारीक येऊ लागला, म्हणून भाऊजींनी तो वाढवला, आणि जिथे सगळ्यात मोठा लागला तिथे रेघ मारली. ती शेजारच्या केबलची होती. धाकट्याने रेघेपासून लांब, मोकळी समजून माती उचलली, आणि मशीनच्या दाताखाली चालू केबल आली. खड्ड्याची कड फावड्याने तासणाऱ्या मजुराचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

चौकशी झाली. टेबलावर चिमटा ठेवलेला.

“ही पट्टी कोणी बांधली?”

“मी.”

“आणि जबडा कशाने वाकला?”

भाऊजींनी भावाकडे पाहिलं. ही शांतता मी चांगली ओळखतो. पुढचं वाक्य समोरच्या नटाचं असतं आणि तो ते घेत नाही. आम्ही नट अशा वेळी पदरचं काहीतरी बोलून प्रवेश सावरतो. भाऊजी नट नव्हते. ते वाट पाहत उभे राहिले.

धाकटा म्हणाला, “सामान दादाच्या ताब्यात असतं, साहेब. मी मशीनवरून खालीसुद्धा उतरत नाही.”

भाऊजींची नोकरी गेली. ते मजुराला भेटायला दवाखान्यात गेले, तर त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. परत येताना बसमध्ये ते एकटेच बोलत होते, असं ताई सांगते.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे बसलो होतो, तेव्हा धाकटा आला. आता तो मुकादम आहे, अंगावर इस्त्रीचा शर्ट.

“दादा, घराचा पाया खणायचाय. प्लॉटमधून कुठलीशी लाइन गेलीय म्हणतात. यंत्र आणलंय गाडीत, सामान सगळं कोरं करकरीत. चल ना, तुझ्यासारखा कान कुणाचाय?”

भाऊजी मटार सोलत होते. सोलतच राहिले.

“मशीन लावू नकोस,” ते म्हणाले.

“बरं. मग माणसं लावतो.”

“माणसंही नकोत. तू उतर. तुझ्या हातांनी उकर.”

“अख्खा पाया? काय थट्टा करतोस, दादा!”

“थट्टा नाही. दुसऱ्याला खड्ड्यात उतरवू नकोस, एवढंच सांगतोय.”

धाकटा हसला. माझ्याकडे पाहून पुन्हा हसला. मी हसलो नाही. मग त्याने ताईने दिलेला चहाचा कप खाली ठेवला, “वय झालं याचं,” असं मलाच सांगितलं आणि निघून गेला.

फाटक वाजल्यावर भाऊजींनी विचारलं, “चहा संपवला का त्याने?”

“अर्धा ठेवलाय,” ताई म्हणाली.

“ओतून टाक.”