घरात विरोध कोणाचा?

"ते नंतर. आधी सांगा, घरात विरोध कोणाचा आहे?"

दुकानात आलेला पोरगा मोबाइल पुढं करून 'हा प्रोसेसर, हे ग्राफिक्स कार्ड आणि एवढंच बजेट' असं बोलायला लागला, की मॅडम हात आडवा धरायच्या आणि हा प्रश्न टाकायच्या. पोरगा गडबडायचा. गेम खेळायचा कॉम्प्युटर घ्यायला आलेल्या माणसाला असं कोण विचारतं? पण विरोध असायचाच. कुणाचा बाप, कुणाची आई, एका नव्या नवऱ्याची तर बायको. "त्यांना घेऊन या," मॅडम म्हणायच्या. "मशीन त्यांच्या हातानं जोडायचं आहे."

मुकुंदवाडीत रेल्वे स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमची भाड्याची दुमजली इमारत. खाली माझा फोटो स्टुडिओ, वर मॅडमचं दुकान. लोखंडी जिना माझ्या दाराला लागूनच वर जायचा, त्यामुळं वरचं बोलणं मला आपोआप ऐकू यायचं. मी कान लावून बसायचो असं म्हणा हवं तर. दुष्काळाची वर्षं ती. गावाकडची लग्नं पुढं ढकलली जात होती आणि माझा कॅमेरा बॅगेत पडून होता. शहर मात्र वाढतच होतं. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, आणि चिकलठाण्याच्या अंगाला बघावं तेव्हा नवी बिल्डिंग. त्या नव्या फ्लॅटांतली पोरं मॅडमकडं यायची.

मॅडम पन्नाशीच्या. लग्न केलेलं नव्हतं. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची चांगली नोकरी सोडून त्यांनी हे दुकान काढलं होतं. कमी पैशात गेमिंगचं मशीन बसवून घ्यावं तर मॅडमकडूनच, असं पोरं एकमेकांना सांगायची. जुनं ग्राफिक्स कार्ड विकायला कुणी आलं, की मॅडम आधी ते नाकाशी धरायच्या. जळका वास आला की परत. "हे कुठंतरी रात्रंदिवस राबलेलं आहे. आपल्याकडं येऊन मरणार." रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटवर तर त्यांचा दातच होता. "दिवाळी आहे का? तेवढ्या पैशात पॉवर सप्लाय चांगला येतो. आपल्याकडच्या लाइटीला सरळ चालता येत नाही." ग्राफिक्स कार्ड भारी आणि प्रोसेसर किरकोळ घ्यायला निघालेल्या पोराला म्हणायच्या, "एक बैल धिप्पाड आणि दुसरा मरतुकडा. गाडी कशी चालायची?" मग त्याच बजेटात इकडचं तिकडं करून जोडी जमवून द्यायच्या.

पण विरोधकाशिवाय जोडणी नाही म्हणजे नाही. एक वकीलसाहेब लेकराबरोबर तावातावानं जिना चढताना मी पाहिले. वर गेल्यावर बराच वेळ त्यांचाच आवाज, अभ्यासाचं वाटोळं वगैरे. मग मॅडमनी त्यांच्या हातात रॅमची पट्टी दिली असावी, कारण एकदम शांतता झाली. थोड्या वेळानं ऐकू आलं, "अहो, हे उलटं बसतंय का?" आणि लेकरू म्हणालं, "पप्पा, खाच बघा ना." खाली उतरताना वकीलसाहेब कॅबिनेट स्वतः छातीशी धरून उतरले, लेकराला हात लावू देईनात.

"मॅडम, गिऱ्हाईक एकटं आलंय तर विकून मोकळं व्हा की," मी एकदा म्हणालो. "आयाबाप कशाला गोळा करता?"

"भाऊ, मशीन काय, दुपारभरात जुळतं. पुढं घरात कटकट झाली की पोरगं दार लावून खेळणार. ज्यानं स्वतः चार स्क्रू पिळले, तो निदान आत येऊन विचारतो तरी, काय चाललंय म्हणून. विचारणारं माणूस पाहिजे हो."

मॅडमच्या स्वतःच्या घरात विचारणारं माणूस एकच होतं, आणि ते विचारत नव्हतं. त्यांचे वडील, नाना. शहागंजच्या मागं दोन खोल्यांत बापलेक दोघंच. घराणं पूर्वीचं भिक्षुकीचं, नाना सरकारी कचेरीतून हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. लेकीनं नोकरी सोडून 'खेळण्यांचं दुकान' काढलं हे त्यांना पटलं नाही. भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं, असं मॅडमच म्हणायच्या. नानांनी दुकानाचा विषयच घरातून काढून टाकला. पाणी भरलं का, भाजी काय करायची, गोळी घेतली का, बोलणं तेवढंच. इतकी वर्षं झाली, पण नाना जिना चढले नव्हते. "एकदा यावं त्यांनी. बसावं. कसं चाललंय म्हणून विचारावं. आणखी काही नको मला," हे मॅडम मला अनेकदा बोलल्या. दर दसऱ्याला त्या नानांना दुकानात बोलवायच्या आणि नाना दर दसऱ्याला म्हणायचे, "बघू."

माझ्या घरात विरोध माझा होता. माझा सचिन डिप्लोमाच्या दोन विषयांत अडकलेला, दिवसभर सिडकोतल्या गेमिंग कॅफेत. घरी आला की जेवायचा आणि भिंतीकडं तोंड करून झोपायचा. मी काही विचारलं तर "काय नाय." शेवटी बायको म्हणाली, "ते खूळ घरात आणा, निदान पोरगं डोळ्यासमोर राहील." सचिन वर गेला आणि दोन मिनिटांत मॅडमची हाक आली, "भाऊ, तुमचंच नाव निघालंय. या वर."

लग्नाच्या मांडवात हजार माणसांसमोर मी बेधडक कॅमेरा चालवला, पण तो प्रोसेसर दोनदा चिमटीत उचलला आणि दोनदा परत ठेवला. त्याच्या कोपऱ्यात बारीक सोनेरी त्रिकोण असतो, तो बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवायचा. "दाबायचं नाही, नुसतं ठेवायचं," मॅडम म्हणाल्या. सचिन टॉर्च धरून शेजारी उभा. "अण्णा, हळू," तो म्हणाला. मग वायरी लावताना म्हणाला, "अण्णा, ती नव्हं, शेजारची." किती दिवसांनी पोरगं माझ्याशी आपणहून बोललं होतं! मशीन चालू झालं, पंखा फिरला आणि मला उगाच हसू आलं. त्यानंतर मी संध्याकाळी त्याच्या मागं खुर्ची टाकून बसायला लागलो. काय चाललंय ते मला कळायचं नाही, पण मी विचारायचो आणि तो सांगायचा.

आता भंडाऱ्याची गोष्ट. माझा थोरला भाऊ, दादा, वैजापूरकडं मेंढरं राखतो. आमचा पिढीजात धंदाच तो. त्या साली चाऱ्यासाठी मेंढरं घेऊन तो कुठंकुठं भटकला आणि वाटेत एक मुक्काम आमच्याकडं पडला. घरात नवी वस्तू आलेली पाहून त्याला बरं वाटलं. आम्ही कुणी घरात नसताना त्यानं खंडोबाचं नाव घेतलं आणि चालू मशीनवर मूठभर भंडारा उधळला. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून वरच्या जाळीतून आणखी एक मूठ आत सोडली. पंख्यांनी काय करायचं ते केलं. मशीन बंद पडलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मशीन घेऊन मॅडमकडं गेलो. दादा जिन्यावरच बसून राहिला. "पोराचं नुसकान केलं म्या," एवढंच म्हणत होता. मॅडमनी बाजूचं झाकण काढलं. आतलं सगळं पिवळंधमक. मला वाटलं, आता चढतील आमच्यावर. त्या खुर्चीत मागं रेलून इतक्या हसल्या, की डोळ्यांत पाणी आलं.

"दादा, आत या. हे आता तुम्हीच साफ करायचं."

"बाई, मला अडाण्याला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं काय त्यात? हा ब्रश घ्या. आणि हे खोडरबर."

दादा मांडी घालून बसला. मॅडमनी रॅमची पट्टी काढून दिली, तिची सोनेरी कड खोडरबरनं पुसायला सांगितलं. "मेंढरं कुठवर नेली होती?" त्यांनी विचारलं. दादानं सांगायला सुरुवात केली. कुठं पाणी मिळालं, कुठं लोकांनी हाकललं, कुठल्या गावात एका म्हातारीनं रानात बसू दिलं. सचिन ऐकत होता. आपला चुलता असा फिरतो हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही विचारलं नव्हतं. मशीन सुरू झालं तेव्हा मागच्या पंख्यातून पिवळा भपकारा निघाला आणि मॅडमना शिंका सुरू झाल्या. शिंका थांबल्यावर त्यांनी बोर्डावरचा उरलासुरला भंडारा बोटानं टिपून कपाळाला लावला.

"हे नानांना सांगायला पाहिजे," त्या म्हणाल्या. मग ब्रश जागेवर ठेवताना, "पण त्यांनी विचारलं तर सांगणार ना."

पुढच्या थंडीत नाना माझ्या स्टुडिओत आले. पेन्शनच्या कामाला फोटो हवा होता. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो, पण नाक मॅडमचंच, लगेच ओळखलं. धोतर, कोट, हातात छत्री. फोटो काढताना ते दोनदा खोकले. वरून पावलांचा आवाज आला, मॅडमनी त्यांचा खोकला ओळखला असणार. त्या जिन्याच्या टोकाशी येऊन उभ्या राहिल्या. खाली उतरल्या नाहीत.

"नाना, मॅडम वरच आहेत," मी म्हणालो.

"असू दे. कामात असेल." त्यांनी छत्री उचलली, जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी थोडे रेंगाळले आणि रिक्षात बसले.

मला भयंकर राग आला. म्हाताऱ्याला काय झालं होतं दहा-बारा पायऱ्या चढायला? पण संध्याकाळी मॅडम कुलूप लावून खाली आल्या, तेव्हा खुशीत होत्या. "शहागंजात फोटोची दुकानं नाहीत का हो, भाऊ? एवढ्या लांब कशाला आले असतील?" आणि निघताना म्हणाल्या, "पुढच्या खेपेला चढतील बघा."

पुढची खेप आलीच नाही. उन्हाळ्यात मॅडम आजारी पडल्या. आधी दुकान अर्धा दिवस उघडं राहायचं, मग दोन-तीन दिवसांनी एकदा. शेवटी त्यांनी किल्ली माझ्याकडं दिली, 'धूळ झटकत जा' म्हणाल्या. मी आणि सचिन दवाखान्यात जाऊन आलो. तिथंही सचिनला विचारत होत्या, विषय सुटले का म्हणून. एक सुटला होता, दुसऱ्याचा निकाल यायचा होता. तो येण्याआधीच मॅडम गेल्या. मी बापाच्या वेळी रडलो नव्हतो, तेव्हा रडलो.

दिवसकार्य झाल्यावर नाना आले. मला वाटलं, सामान विकायचं बोलायला आले असतील. त्यांनी किल्ली मागितली आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढायला लागले. मी मागून चढलो. ते मॅडमच्या खुर्चीत बसले नाहीत, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. फळीवरची खोकी बघितली. त्यांच्यावर काय लिहिलंय ते वाचायचा प्रयत्न केला.

"तुम्ही खालीच असता ना दिवसभर?" त्यांनी विचारलं. "वरचं ऐकू येत असेल तुम्हाला."

"येतं की."

"ती इथं काय बोलायची हो?"

माझा त्यांच्यावरचा सगळा राग तिथंच संपला. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सांगायला लागलो. आता तुम्हाला सांगितलं ते सगळं त्यांना सांगितलं, तुम्हाला न सांगितलेलंही सांगितलं. ते हसले, मग चष्मा पुसत बसले. अंधार पडायला लागला तेव्हा उठले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, तिसऱ्या दिवशीही. दुकान मालकाच्या ताब्यात जाईपर्यंत ते येत राहिले. मी कुठं थांबलो, की ते पुढं झुकायचे आणि विचारायचे, "बरं, मग ती काय म्हणाली?"