रंग वाळेपर्यंतचं प्रेम

अख्ख्या श्रीगोंदा तालुक्यात अशी एकही बाई नसेल, जिच्यावर आमच्या साडूंचं कधी ना कधी प्रेम बसलेलं नाही. आणि अशीही एक नसेल, जिला त्याचा वेळेवर पत्ता लागला. इतकी प्रेमप्रकरणं करून सदऱ्याला साधी चुणीसुद्धा न पडलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या आक्काचे यजमान. धंद्याने पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मालकाच्या पोरांची नावं, शाळेच्या भिंतीवर ‘पाणी वाचवा’, आणि लग्नसराईत लग्नघरांच्या भिंती, यावर त्यांचा संसार चालला. पुढे फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. भिंती मात्र राहिल्या, कारण लग्नघराला नुसता फ्लेक्स लावला तर ते घर निवडणुकीला उभं राहिल्यासारखं दिसतं, असं आक्काचं मत आहे आणि ते तालुक्याने मानलं आहे.

आता एवढा मोठा प्रेमवीर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जी मूर्ती उभी राहते ती आधी पुसून टाका. अंगाने काडी, डोक्यावर टोपी, कानाच्या पाळीला कायम कुठला तरी रंग लागलेला, आणि मान खाली. बाईमाणूस समोर आलं की ही मान इतकी खाली जाते की त्यांना तालुक्यातल्या सगळ्या बायका चपलांवरून ठाऊक आहेत. माझ्या लग्नात माझ्या बायकोने मेव्हणीच्या हक्काने चेष्टेत विचारलं, “दाजी, कशी दिसतीय मी आज?” साडू माझ्या बुटांकडे बघत म्हणाले, “लई झकास. पालिश घरीच केलं का?” असा हा माणूस. मग प्रेम बसायचं कसं? तर बाई त्यांच्या समोरून निघून पुढे गेली, आता वळून बघणार नाही अशी खात्री पटली, की साडूंची मान हळूच वर यायची. त्या पाठमोऱ्या बाईवर त्यांचं प्रेम बसायचं. बाई वळणाआड जायची आणि हे तसेच उभे. हातातल्या ब्रशाचा रंग चपलेवर गळतोय याचंही भान नाही.

मग घरी येऊन ब्रशाच्या सात-आठ रेघांत ती बाई कागदावर उतरायची. नाक नाही, डोळे नाहीत. खोचलेला पदर, मानेवरचा अंबाडा, एका बाजूला कललेली कंबर, संपलं. माझं बेलापूरला कापडाचं दुकान आहे. गादीवर बसून आयुष्यभर बायका पाहिल्या त्या समोरून, आणि त्यांचा मला माहीत असलेला एकच भाव म्हणजे त्या पाडून मागतात तो. पण साडूंची चित्रं पाहिली की माझं ते बघणं फुकट गेलं असं वाटायचं. रेघ एवढीशी, पण बाई दळणाला निघालीय की दवाखान्यात, सुखाने निघालीय की बळंच, ते कळायचं. यावर साडूंचं म्हणणं, “पाव्हणं, म्होरनं मानूस तयारीत असतंय. पाठीला तयारी करता येत न्हाई.” आणि दुसरं म्हणणं, “प्रेम बसल्याबिगर रेघ उतरत न्हाई.”

हे सगळं चोरून चालायचं असं समजू नका. साडू जेवायला बसले की भाकरी मोडता मोडता आक्काला सांगायचे, “आज पोस्टापाशी एक बाई गेली. काय मान होती!” आक्का तव्यावरची भाकरी उलटत म्हणायची, “बरं. आमटी घ्या. मग काढा.” चित्र झालं की पहिल्यांदा आक्काला दाखवायचं. ती पीठ लागलेली बोटं लांब धरून बघायची आणि म्हणायची, “ही बँकेतल्या शिपायाची मंडळी. सासू आलीया हिची गावाकडनं, म्हनून अशी चालतीया.” हे तिचं निदान कधी चुकलं नाही. साडूंच्या प्रेमाची मुदतही तिला पाठ होती. चित्राचा रंग ओला असेतो प्रेम. रंग वाळला की साडूंना त्या बाईचं नावसुद्धा आठवायचं नाही. आक्का बोटाने कागद चाचपून बघायची. “वाळला का? झालं एकदाचं. आता गिरनीवर जाऊन या.”

एकदा कारखान्याजवळच्या एका वस्तीवर लग्नघराची भिंत रंगवायची होती. दाराच्या वर गणपती, त्याखाली नवरानवरीची नावं आणि दाराच्या दोन्ही अंगांना कलश घेतलेल्या दोन बायका, ही आपली रीत. या बायकांनी येणाऱ्या पाहुण्यांकडे हसून बघायचं असतं. साडूंनी दोघी पाठमोऱ्या काढल्या. नवरदेवाचे वडील तापले, “आमच्या दारात बाया पाव्हन्यांकडं पाठ करून उभ्या? हे कुठलं वळण?” साडू त्यांच्या धोतराच्या काठाकडे बघत म्हणाले, “त्या पाव्हन्यांसाठी उभ्या न्हाईत, मालक. कलश घिऊन तुमच्या घरात निघाल्यात. लक्षुमी आत येताना रस्त्याकडं तोंड करती का?” मालक विचारात पडले. त्या सालापासून आसपासच्या गावांत लक्ष्म्या पाठमोऱ्याच निघू लागल्या. तोंड रस्त्याकडे असलेली लक्ष्मी दारावर दिसली की लोक म्हणायचे, ही बाहेर चाललीय.

घोटाळा निराळाच झाला. वऱ्हाड यायच्या आधीच गावाने भिंतीवरच्या बायका ओळखल्या. डावीकडची अंगणवाडीतली बाई आणि उजवीकडची एका बागाईतदाराची बायको. अंगणवाडीची बाई येऊन स्वतःला बघून गेली आणि दुसऱ्या दिवसापासून ताठ चालायला लागली. बागाईतदार मात्र काठी घेऊन थेट साडूंच्या दारात. “माझी मंडळी भितीवर काढायचा तुला अधिकार कोनी दिला?” साडू खांबाआड. बाहेर आली आक्का. ती शांतपणे म्हणाली, “तोंड तर काढलंच न्हाई. तुमी कशावरनं म्हनता तुमचीच?” गडी म्हणाला, “मला माझ्या बायकूची चाल वळखू येत न्हाई व्हय? अशी डाव्या पायावर भार टाकून...” आणि बोलता बोलता थांबला. हातातली काठी भिंतीला टेकवली. मग खांबाला उद्देशून म्हणाला, “पेंटर, उजवा पाय दुखत असंल का वो तिचा?” त्या दुपारीच तो तिला मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात घेऊन गेला. आक्का त्या वेळी खूप हसली होती. माझी बायको म्हणते, तेवढी हसायला नको होती. तिथेच तिच्या मनात काहीतरी आलं असणार.

पुढे चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई नगरहून कुणाच्या तरी लग्नाला आल्या, भिंत बघून हरखल्या आणि साडूंच्या घरी येऊन पेटीतली सगळी चित्रं काढून बसल्या. साडू त्यांच्या सँडलशी अदबीने बोलले. बाई गेल्या आणि वळणाआड जाईतो साडूंचं त्यांच्यावरही प्रेम बसलं. महिन्याभरात नगरला प्रदर्शन ठरलं. आम्ही नवराबायको गेलो. आक्काला मी माझ्या दुकानातली नवीन साडी दिली होती, ती नेसून ती पहिल्या रांगेत बसली. बाईंनी भाषणात सांगितलं, की या चित्रकाराने स्त्रीला चेहरा नाकारून चेहरा नाकारणाऱ्या समाजालाच आरसा दाखवला आहे. साडू प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. खाली मान असलेल्या माणसाचं ते सोयीचं असतं. भिंतीवरच्या एका चौकटीत आपणच खांद्याला पिशवी अडकवून लगबगीने चाललोय, हे बाईंना भाषण संपल्यावर दिसलं आणि त्यांनी खांद्यावरची पिशवी हळूच काढून खुर्चीखाली ठेवली.

माझं लक्ष आक्काकडे होतं. ती सगळी चित्रं एकेक करून बघत हॉलभर फिरली. मग पुन्हा पहिल्यापासून फिरली. मला वाटलं, कौतुकाने बघतेय. माझी बायको कानात म्हणाली, “अहो, आक्का स्वतःला शोधतीय.” तेवढ्यात एका चष्मेवाल्या गृहस्थांनी साडूंना विचारलं, “यात आपल्या सौभाग्यवती कुठल्या?” साडूंनी टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, “तिचं न्हाई काढलं. चालताना मी म्होरं आसतो. ती मला दिसली न्हाई.” लोक हसले. माणूस मोठा मिस्कील आहे, असं ठरलं. पण साडूंनी थट्टा केली नव्हती. आमच्याकडे बाजाराला, जत्रेला, लग्नाला नवरा पुढे आणि बायको चार पावलं मागे, अशी चाल. घरात आक्का गॅस खाली फरशीवर ठेवून, नवऱ्याचं ताट समोर मांडून भाकरी थापणारी, म्हणजे तोंड कायम त्यांच्याकडे. आणि समोर बाई असली की साडूंची मान ताटात. असा संसार झाला, लेकी नांदायला गेल्या, आणि तालुकाभर बायका बघणाऱ्या या माणसाने घरची बाई बघितली नव्हती. आक्का हसली नाही. खुर्चीवर बसून नव्या साडीच्या निऱ्या नीट करत राहिली. माझ्याच दुकानातली साडी, पण त्या क्षणी मला तिच्याकडे बघवेना.

रात्री आम्ही त्यांच्याकडेच उतरलो. सकाळी आक्काने पिशवी भरली. “भावाकडं चालले कर्जतला. ह्यांना भाकरी शेजारची दील,” एवढंच बोलली. आम्ही तिघं तिला स्टँडवर पोचवायला निघालो. सवयीने साडूंनी पिशवी उचलली आणि पुढे चालू लागले. कोपऱ्यावर आक्काने त्यांना गाठलं, पिशवी हातातून काढून घेतली आणि म्हणाली, “आज तुमी मागनं या. न्हाईतर येऊच नका.” आणि ती पुढे निघाली.

साडूंची मान वर आली. मी शेजारीच होतो, मी पाहिलं. आक्का चालत होती, पिशवीने एक खांदा उतरलेला, डोक्यावरचा पदर एका हाताने धरलेला. रस्ता सगळा मोकळा होता. तरी ती पावलं आखडून टाकत होती, मध्येच अडखळून थांबत होती, बाजूला सरत होती, पुढच्या माणसाचा वेग बघून आपला वेग ठरवावा तशी. पुढे कुणीच नव्हतं, आणि आमची आक्का कुणाच्या तरी मागे चालत होती. साडू म्हणाले, “पाव्हणं, ही बाई कोन म्हनायची?” स्टँडवर आक्का मागे न बघता गाडीत चढली. एसटी धुरळा उडवत गेली, तरी ते तिथेच उभे राहिले. रडत होते, हे मी सांगतो. त्यांना विचाराल तर ते धुरळ्यावर ढकलतील.

सात-आठ रेघांत बाई पकडणाऱ्या या माणसाला हे चित्र आठवडाभर साधेना. कागद फाडफाड फाडले. शेवटी एक जमलं, त्याची गुंडाळी घेऊन बेलापूरला आले आणि माझ्या हाती दिली. “तुमीच द्या जाऊन. माझं धाडस व्हत न्हाई.” मी आणि बायको कर्जतला गेलो. कागदाच्या एका कडेला आक्का होती, आणि तिच्या पुढचा सगळा कागद कोरा. तिने बराच वेळ पाहिलं. “खांदा लई उतरलाय का वो माझा?” मी म्हणालो, “थोडा.” “आन् म्होरं एवढी जागा कशापायी सोडलीय?” तीच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. मोकळी हाय, चांगली दिसती.” मग गुंडाळी करता करता माझ्या बायकोला म्हणाली, “त्यांना सांग, पाठ फिरवली तवा दिसले मी. आता तोंड बघायचं आसंल तर सोता या म्हनावं. आन् तोंडाचं काढा म्हनावं.”

साडू आले. टोपी हातात धरून मेव्हण्याच्या दारात उभे राहिले आणि आक्काच्या चपलांकडे बघत म्हणाले, “चल घरी.” आक्का म्हणाली, “वर बगून म्हना.” त्याला किती वेळ लागला ते मी सांगत नाही, पण तेवढ्यात तिथे चहा होऊन गार झाला. हल्ली बाजाराला आक्का पुढे असते आणि साडू पिशवी घेऊन मागे. लोक हसतात. साडूंना त्याचं काही नाही. ते आक्काची चाल बघत असतात. तीही हल्ली जरा मोकळी पावलं टाकते म्हणे.

तोंडाचं चित्र मात्र अजून झालेलं नाही. या दिवाळीत गेलो तेव्हा दोघं अंगणात समोरासमोर बसली होती. ती सुपात ज्वारी निवडत होती, यांच्या मांडीवर फळी. कागदावर हनुवटीची एक रेघ आणि ओलं कुंकू, बाकी काही नाही. मी थट्टेने म्हणालो, “साडू, मागच्या दिवाळीत एवढंच होतं की!” ते कागदात मान घालून म्हणाले, “पाव्हणं, वर बगितलं की ती बी बगती वो.” हात आता थोडा कापतो त्यांचा, आक्काच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. मला उगाच काळजी वाटली. मी म्हणालो, “आक्का, तुम्ही तरी मागे लागा. राहून जाईल.”

आक्काने सुपातला खडा वेचून टाकला, वाकून ते कुंकू बोटाने चाचपलं आणि बोट पदराला पुसलं. “घाई नगा करू म्हनून मीच सांगितलंय,” ती म्हणाली. “मीच रोज कुकवावर वल्लं बोट फिरवते. रंग वाळला की ह्यांचं काय व्हतं, ते मला चांगलं ठावं हाय.” साडूंनी मान वर केली, तिच्याकडे बघितलं, आणि पुन्हा कागदात घातली. आत माझ्या बायकोने टाकलेला चहा होईतो मी तिथेच बसून राहिलो.