इंट्रोड्यूस करताना घेतलेलं नाव

सोमवारी वर्गात बाईंनी नवं क्रियापद शिकवलं... इंट्रोड्यूस. म्हणजे ओळख करून देणं. कोल्हापुरात आम्हा बायकांना मास्तरीण करण्यासाठी दरबारने हा वर्ग काढलाय, आणि शनिवारी इन्स्पेक्टरसाहेब परीक्षेला यायचे होते.

'लेट मी इंट्रोड्यूस मायसेल्फ' म्हणायचं आणि आपलं पूर्ण नाव सांगायचं, एवढंच. पण पूर्ण नावात मधे मालकांचं नाव येतं ना... तिथंच एकेकीची गाडी अडली. कागलच्या काशीने तर सरळ 'काशीबाई कारभारी पाटील' असं ठोकून दिलं.

बाई चिडल्या. नाव गाळून ओळख होत नाही, जी अडेल तिला साहेब घरी बसवतील, असं त्यांनी बजावलं. घरी बसणं म्हणजे मला जन्मभर दिरांच्या तुकड्यावर जगणं... मास्तरीण होण्याशिवाय मला दुसरा आधार नव्हता.

माझे मालक प्लेगात गेले. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, पुढे त्यांचं नाव माझ्या तोंडी कधी आलं नाही. आता कपाळ पांढरं झाल्यावर ते कुठल्या तोंडाने घ्यायचं?

संध्याकाळी चुलीपाशी बसून घोकत होते. सासूबाई भाकरी थापत होत्या. दर वेळी मी 'पार्वती' म्हणायचे आणि गप्प व्हायचे.

"काय गं, सारखी तितंच का अडतीयास?"

भीत भीत सगळं सांगितलं. वाटलं, आता क्लास बंद... त्यांचे हात पिठातच थांबले.

"त्यो गेल्यापास्नं ह्या घरात त्येचं नाव कुनी घेतलं न्हाय बघ. माज्या तोंडापातूर येतंय, पर भाईर पडत न्हाय. तू तरी घे की."

मी म्हटलं... "पार्वती शिवराम चव्हाण." सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"आनि एकदा म्हन."

पुन्हा म्हटलं. तव्यावरची भाकरी करपली, पण दोघींपैकी कुणी उठलं नाही. किती तरी दिवसांनी आम्ही मोकळेपणाने रडलो.

शनिवारी साहेबांपुढे न अडखळता बोलले. त्यांनी मान हलवली आणि पुढचीला उभं केलं.

पास झाले, त्याचा आनंद आहेच. पण ज्या माउलीने पोटचा लेक गमावला, तिनेच मला त्याचं नाव घ्यायची मोकळीक दिली... हे उपकार मी कसे फेडू?